बसमध्ये भेटली, रायपूरची आहे

उपासना खोब्रागडे आणि मी अमेरिकेतल्या कॅरी गावात एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर सहा वर्षं काम केलं. औषधांच्या चाचण्यांमधून जी माहिती येते ती तपासायची, तिचे तक्ते करायचे, कुठल्या गोळीने किती जणांना मळमळ झाली आणि किती जणांना चक्कर आली ते मोजायचं, असं आमचं काम. ती नागपूरची, मी पुण्याची. वयाने ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, छत्तिशीची. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं की ती हसून विषय बदलायची. बोलणं कमी, पण तिने तपासलेल्या तक्त्यात चूक सापडली असं कधी झालं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तिने गाडी चालवणं बंद केलं. मला म्हणाली, "डोळ्यांचा काहीतरी त्रास आहे. डॉक्टर नको म्हणतात ड्राइव्ह करायला."

मी म्हटलं, "मग मी आहे ना."

आणि मी होतेच. रोज ऑफिसला जाताना तिच्या अपार्टमेंटवरून वळसा घ्यायचा, एखाद्या शनिवारी भाजीला जाताना तिला सोबत घ्यायचं. ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांना हे कदाचित कळणार नाही. तिच्या घरापासून दुकान दोन मैलांवर, पण मध्ये सहा पदरी रस्ता, आणि फूटपाथ अर्ध्यातच संपतो. तिथून पुढे गवतातून चालावं लागतं. गाडी नसलेला माणूस तिथे घरात बसतो, नाहीतर कुणाची तरी वाट बघतो. उपासना वाट बघायची. मी पोचायच्या आधी दहा मिनिटं ती खाली येऊन उभी असायची. पाऊस असो, थंडी असो, मला एकदाही तिला फोन करून 'खाली ये' म्हणावं लागलं नाही. तेव्हा मला ते फार सोयीचं वाटायचं.

डोळ्यांचं आम्ही सगळ्यांनी खरं मानलं. माझ्या सासूबाईंनी, ईशानच्या आईने, तिच्यासाठी त्रिफळा पाठवला, रात्री भिजवून सकाळी त्या पाण्याने डोळे धुवायचे म्हणून. तिने बाटली घेतली, थँक्यू काकू म्हणाली. पुढे दर महिन्याला सासूबाई विचारायच्या, "फरक पडला का गं?" आणि ती सांगायची, "थोडा पडलाय." एकदा माझी सहा वर्षांची अहिल्या गाडीत मागून म्हणाली, "मम्मा, शी कॅन सी एव्हरीथिंग. तिने तो छोटा बोर्ड पण वाचला." मी तिला गप्प केलं. उपासना खिडकीबाहेर बघत राहिली.

खरी गोष्ट मला दीड वर्षाने कळली. ती अशी.

त्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती किराणा घेऊन दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसली होती. किल्ली हातात होती, गाडी अजून सुरू केलेली नव्हती. पुढचं तिला आठवतं ते अँब्युलन्सचं छत. तोंडात रक्ताची चव, आणि कुणीतरी पुन्हा पुन्हा तिचं नाव विचारतंय. तिला फिट आली होती. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, सलग सहा महिने फिट आली नाही तरच स्टिअरिंगला हात लावायचा. तिने घरी येऊन कॅलेंडरवर दिवस मोजायला सुरुवात केली. पाच महिने वीस दिवस झाले आणि ती स्वयंपाकघरात पडली. मोजणी पुन्हा एकपासून. नंतर डिसेंबरमध्ये पुन्हा तसंच.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, भाऊ रवीला नाही, मला नाही. त्याचं कारणही तिने मला सांगितलं. लहानपणी त्यांच्या वस्तीत समोरच्या घरात एक सून होती. तिला फेफरं यायचं. आलं की बायका धावत जायच्या, कुणी कांदा हुंगवायचं, कुणी चप्पल. पोरं दारात गर्दी करून बघायची. त्या पोरांमध्ये उपासनाही असायची. ती सून एक दिवस माहेरी गेली आणि परत आलीच नाही. तिचं नाव काय होतं, हे उपासनाला कितीही आठवून आठवत नव्हतं. "सगळे तिला फेफऱ्याचीच म्हणत," ती म्हणाली.

तर दीड वर्ष हे असं चाललं. गोळ्यांचे दुष्परिणाम ती पाठ म्हणू शकायची, कारण तसले तक्ते करण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. आंघोळ करताना दाराला कडी लावायची नाही. गॅसच्या मागच्या शेगडीवरच शिजवायचं. आणि संध्याकाळी साडेपाचला मी तिला दारात सोडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठपर्यंत तिला कुणाचाही आवाज ऐकू यायचा नाही. आपण आत पडलो तर सोमवारपर्यंत कुणाला कळणार नाही, हा हिशेब तिने शुक्रवारी संध्याकाळी बऱ्याचदा केला होता.

गेल्या वर्षीच्या मेमध्ये तिने न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलच्या संशोधन विभागात अर्ज केला. फोनवरच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरीला प्रत्यक्ष बोलावलं. नोकरी इथल्यासारखीच होती. पण तिला हवं होतं ते शहर. तिथे निम्म्या लोकांकडे गाडीच नसते, आणि नाही म्हणून कुणी कारण विचारत नाही.

विमानाने ती दीड तासात पोचली असती. पण विमानात फिट आली तर ते विमान कुठेतरी उतरवतील, दीडशे माणसं आपल्याकडे बघत बसतील, ही कल्पना तिला सहन होईना. बसमध्ये फार तर ड्रायव्हर गाडी बाजूला घेईल. म्हणून तिने जूनमधल्या एका बुधवारी सकाळी पावणेसातची बस घेतली. मला सांगितलं, "दोन दिवस घरूनच काम करतेय, यायला नको."

कॅरीजवळचं राली सोडल्यावर तिच्या शेजारी बसली ती सत्तरीची एक काळी बाई, मिस अर्नेस्टीन. डोक्यावर जांभळी टोपी, मांडीवर केकचा डबा. बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून बाल्टिमोरला निघाली होती. डॉक्टरकडच्या नर्सने उपासनाला बजावलं होतं, एकटी प्रवास करशील तेव्हा शेजारच्याला आधी सांगून ठेव. व्हर्जिनियाची हद्द लागेपर्यंत ती मनातल्या मनात ते वाक्य जुळवत होती आणि मोडत होती.

मग तिच्या फोनचा गोळीचा गजर वाजला. तिने गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली.

"शुगर का, हनी?" मिस अर्नेस्टीनने विचारलं.

"नाही. मला फिट्स येतात."

इतकं सोपं निघालं ते तोंडातून, की तिला स्वतःलाच नवल वाटलं.

म्हातारीने मान हलवली. "मी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. एक मुलगा होता माझ्या बसमध्ये, तिसऱ्या सीटवर बसायचा. आम्हाला ट्रेनिंगच दिलं होतं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. अजून तेच ना?"

"अजून तेच."

"मग झालं. किती वेळाच्या वर गेलं की मदत बोलवायची तुझ्यासाठी?"

"पाच मिनिटं."

"पाच." तिने मनगटावरचं घड्याळ नीट बघितलं, चालू आहे ना ते. मग डबा उघडून केकचा तुकडा दिला. "तुझ्या माणसांपैकी कोणाकोणाला माहीत आहे?"

उपासना म्हणाली, "डॉक्टरांना. आणि आता तुम्हाला."

रिचमंडला बस बदलायची होती. तिथे उतरल्यावर मिस अर्नेस्टीनने उपासनाचा दंड धरला, आपल्याला आधार हवा असल्यासारखा, आणि दुसऱ्या बसमध्ये खिडकीची सीट तिला देऊन स्वतः बाहेरच्या बाजूला बसली. बाल्टिमोर येईपर्यंत उपासना झोपली. दीड वर्षात माणसाशेजारी झोपायची तिची ती पहिलीच वेळ होती.

बाल्टिमोरला म्हातारी उतरली. उतरताना एवढंच म्हणाली, "आता शेजारी जो येईल, त्याला सांग."

शेजारी आल्या त्या साठीच्या एक बाई. सलवार-कमीज, वर स्वेटर, पायांत पांढरे बूट, हातात कापडी पिशवी. बसतात न बसतात तोच त्यांनी फोन लावला. "हो गं, मिळाली जागा. नाही, खिडकी नाही मिळाली. अगं, तो डबा फ्रीजमध्येच राहिला बघ. आजच संपवा, उद्या नका ठेवू."

उपासनाने वळून बघितलं. कॅरीत मराठी कानावर पडायची नाही असं नाही, पण दिवसभरच्या बसप्रवासात, अनोळखी माणसाच्या तोंडून, एवढ्या जवळ. बाई तिच्या आईसारख्या बोलत नव्हत्या, आईचं बोलणं वेगळं. तरी 'आजच संपवा' हे कुठल्याही आईचं असतं.

आणि त्याच क्षणी तिने ठरवलं की यांना सांगायचं नाही. मिस अर्नेस्टीन आयुष्यात पुन्हा भेटणार नव्हती. या काकूंचं तसं नव्हतं. यांची मुलगी असेल, मुलीची मैत्रीण असेल, कुठल्या तरी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल. चार दिवसांत ही गोष्ट फिरत फिरत कॅरीला पोचेल, तिथून नागपूरला.

फोन ठेवून काकूंनी विचारलं, "यू आर इंडियन, ना? कहाँ से?"

"रायपूर," उपासना हिंदीत म्हणाली. ते गाव तिने रेल्वेच्या खिडकीतून दोनदा बघितलं होतं, तेवढंच.

"अच्छा, अच्छा. मराठी समझता है थोडा?"

"नही, आंटी."

काकूंनी पिशवीतून पोळीचा रोल काढून दिला. उपासनाने तो घेतला. आत बटाट्याची भाजी होती, मोहरी आणि कढीपत्त्याची. ती शेवटच्या घासापर्यंत मान खाली घालून खात राहिली, चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून. नंतर काकूंनी दोन फोन केले, सुनेबद्दल एक, गुडघ्याबद्दल एक. आपल्याला कळतंय हे न कळू देता ती तीन तास ते ऐकत बसली. मला हे सांगताना ती म्हणाली, "शिवांगी, मी कॅरीच्या घरात शनिवार-रविवार एकटी असायची ना, तेव्हा एवढं एकटं नव्हतं वाटत."

न्यू जर्सी लागलं. तिने आधी व्हिडिओवर बघून ठेवलं होतं की बोगद्यात शिरायच्या आधी रस्ता वर चढून गोल वळतो, आणि त्या वळणावर नदीपलीकडे सगळं शहर एकदम समोर येतं. त्यासाठीच ती खिडकीपाशी सरकून बसली होती. उन्हं तिरपी झाली होती. बाहेर विमानं खाली उतरताना दिसायला लागली, मग बंदरातल्या उंच क्रेन. आता पंधरा-वीस मिनिटं.

आणि तिच्या पोटात काहीतरी वर आलं. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना येतं तसं. पाठोपाठ जळक्या रबराचा वास. हे सगळं आधी एकदा होऊन गेलंय, ही बस, ही बाई, हे ऊन, असं तिला वाटायला लागलं. ही खूण तिच्या ओळखीची होती. तिच्याकडे मिनिटभर होतं, कदाचित तेवढंही नाही.

"काकू," ती म्हणाली. "काकू, मी मराठीच आहो. मला फिट येऊन राहिली. बस नका थांबवू. कुशीवर वळवा, तोंडात काही नका घालू. पाच मिनिटांच्या वर गेलं तर..."

वाक्य पूर्ण झालं की नाही, तिला आठवत नाही.

तिला जाग आली तेव्हा खिडकीबाहेर पिवळट उजेडातल्या पांढऱ्या फरशांची भिंत मागे मागे सरकत होती. बस बोगद्यात होती. शहर येऊन गेलं होतं. तिचा गाल काकूंच्या मांडीवर घडी करून ठेवलेल्या ओढणीवर होता आणि ओढणी ओली झाली होती. काकूंचा एक हात तिच्या खांद्यावर होता, दुसऱ्या हातात फोन, फोनवर घड्याळ.

"अडीच मिनिटांत थांबली, मग तू झोपलीस," काकू म्हणाल्या. "मी बघत होते. तो पलीकडचा मुलगा पोलिसांना फोन करतो म्हणाला. मी म्हटलं, थांब. तू बस थांबवू नका म्हणालीस ना."

"पाणी."

"आधी नीट जागी हो. मग देते." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "नागपूरची का गं?"

"हो."

"बोलण्यावरून वाटलंच. आणि मी तुला हिंदीत विचारतेय." त्या हसल्या थोडंसं. तिचे केस कपाळावरून मागे केले. मग पाणी दिलं, घोट घोट. "नाव काय तुझं?"

"उपासना."

"उपासना काय?"

"खोब्रागडे."

"अच्छा," काकू म्हणाल्या.

हात खांद्यावरून निघाला नाही, पण कपाळावर पुन्हा आलाही नाही. उपासनाने मला हे सांगितलं तेव्हा मी टेबलाकडे बघत राहिले. तो 'अच्छा' मी आमच्या घरी ऐकलेला आहे. त्यात वाईट शब्द एकही नसतो.

बस बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी गर्दीत अडकली. काकू खालच्या आवाजात विचारत राहिल्या. लग्न झालंय का, नाही. घरी माहीत आहे का, नाही.

"मग नकोच सांगूस. गोळ्या चालू आहेत ना? झालं तर. कुणाला कळायला नको, मुलीच्या जातीला फार अवघड जातं. मीही कुणाला सांगणार नाही."

त्यांना खरोखरच तिचं भलं व्हावंसं वाटत होतं, असं उपासना म्हणते. तिची जीभ चावली गेली होती, डोकं जड होतं, आणि तिला वाद घालायचा नव्हता. ती हो म्हणाली.

टर्मिनसवर काकूंचा मुलगा घ्यायला आला होता. चाळिशीचा, ऑफिसच्या कपड्यांत. काकूंनी ओली ओढणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली होती. त्या दोनदा मागे वळल्या. उपासना खांबाला धरून उभी होती.

"हू इज शी, आई?" मुलाने विचारलं.

काकूंनी तिच्याकडे बघितलं. "बसमध्ये भेटली," त्या म्हणाल्या. "रायपूरची आहे."

आणि ते दोघं गर्दीत गेले.

या एका वाक्याचा उपासनाने नंतर फार विचार केला. काकूंनी तिचं खोटं तिच्यासाठी सांभाळलं, की तिला स्वतःपासून दूर, दुसऱ्या गावाला ठेवलं? तिने मला विचारलं.

ती टर्मिनसमधल्या एका बाकावर चाळीस मिनिटं बसून राहिली. फिटनंतर तिला सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू येतं. शेकडो माणसं समोरून जात होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. यासाठीच तर ती इथे यायला निघाली होती. तरी त्या वेळी कुणीतरी एकदा बघावं असं तिला वाटलं.

मग उठून तिने न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात जाणारी ट्रेन धरली. तिथे नीलाताई रामटेके नावाच्या बाईंकडे तिने दोन दिवसांसाठी खोली ठरवली होती. कॅरीत आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम करणाऱ्या देवानंद काकांनी त्यांचा नंबर दिला होता. नीलाताई पन्नाशीच्या, मूळच्या चंद्रपूरच्या, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स. त्यांनी दार उघडलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. त्यांनी ताट वाढलं. पहिल्याच घासाला भाजीचं तिखट लागून उपासनाने तोंड वाकडं केलं. नीलाताईंनी एकदा तिच्याकडे बघितलं.

"जीभ चावलीस का?"

उपासनाने पाण्याचा पेला उचलला.

"केव्हा आली होती?"

"आज. बसमध्ये."

"किती वर्षांपासून?"

"सोळा महिने."

नीलाताई उठल्या, ताट बाजूला केलं, दहीभात कालवून वाटीत आणून ठेवला. "उद्या किती वाजता आहे इंटरव्ह्यू?"

"नऊला."

"नऊला तुझं डोकं चालणार नाही. आत्ता मेल कर त्यांना."

"काय लिहू?"

"खरं ते."

तिने फोन हातात घेतला आणि बराच वेळ बसली. आजारी आहे, असं लिहिता आलं असतं. बस उशिरा पोचली, असंही. शेवटी तिने तीन ओळी लिहिल्या. मला एपिलेप्सी आहे, आज प्रवासात फिट आली, उद्या सकाळऐवजी दुपारी येता येईल का. आपल्या नावाखाली तो शब्द तिने पहिल्यांदाच लिहिला. दहा मिनिटांत उत्तर आलं, दोन वाजता या, काळजी घ्या. त्यापलीकडे काहीच नव्हतं. ती ते पुन्हा पुन्हा वाचत होती, खाली आणखी काहीतरी असेल म्हणून.

नोकरी तिला मिळाली. व्हिसाचे कागद व्हायला ऑगस्ट उजाडला. राजीनामा दिला त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि जेवणाच्या टेबलापाशी बसून तिने मला हे सगळं सांगितलं, पार्किंगपासून ते दहीभातापर्यंत. अहिल्या आत टीव्ही बघत होती.

मला राग आला. दीड वर्ष मी हिला रोज नेते-आणते आणि हिने मला डोळ्यांचं सांगितलं. मी म्हटलं, "यार, मला तरी सांगायचंस."

ती शांतपणे म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात तू आणि ईशान सिनेमाला गेलात, अहिल्याला माझ्याकडे ठेवून. तीन वेळा. तुला माहीत असतं तर ठेवलं असतंस?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी विचार केला. तिने ते बघितलं. मग ती म्हणाली, "तू चूक नाहीस. मीच ठेवून घ्यायला नको होतं. पण तेवढे तीनच दिवस माझ्या घरात कुणी होतं."



सप्टेंबरात मी तिला बसवर सोडलं. दोन बॅगा आणि एक कुकर. मी मिठी मारली. ती बसमध्ये चढली आणि चढल्या चढल्या शेजारच्या माणसाशी काहीतरी बोलताना मला काचेतून दिसली. त्या माणसाने मान हलवली, घड्याळाकडे बोट केलं. मग बस निघाली.

आईला तिने न्यूयॉर्कहून सांगितलं. आई नागपूरला शिक्षिका होती, आता निवृत्त. आईने आधी एवढंच विचारलं, "अन् तू एकटीच होती का?" उपासना हो म्हणाली. आईने फोन ठेवला. उपासनाला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "मी मेडिकलला जाऊन आली." सकाळी सातपासून ती नागपूरच्या त्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीच्या रांगेत बसली होती. नंबर आल्यावर डॉक्टरने विचारलं, पेशंट कुठे आहे. आई म्हणाली, पेशंट न्यूयॉर्कला आहे, मला फक्त समजून घ्यायचं आहे. आणि वहीत दोन पानं लिहून आणली होती. ती तिने फोनवर वाचून दाखवली. त्यातली प्रत्येक गोष्ट उपासनाला माहीत होती. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

तेव्हापासून त्यांचं ठरलंय. रोज सकाळी उठल्यावर तिने आईला एक शब्द लिहायचा, 'उठली.' तिथे तेव्हा संध्याकाळ असते. आई उत्तरात 'बरं' लिहिते. न्यूयॉर्कचे सकाळचे आठ वाजेपर्यंत शब्द आला नाही तर आईने नीलाताईंना फोन करायचा. उपासना अजून त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहते. नीलाताईंच्या ड्युट्या अशा की दोघींची गाठ आठवड्यातून एखाद-दोनदा पडते.

बाकी तिचं फार बदललेलं नाही. ऑफिसमध्ये तिने सांगून टाकलंय. एक सहकारी तेव्हापासून तिच्या शेजारी बसत नाही, दुसरी दुपारी तिच्याबरोबर चालायला जाते. रविवारी ती एकटीच ट्रेनने कुठल्या तरी टोकाला जाते आणि परत येते. कुणाला विचारावं लागत नाही, वाट बघावी लागत नाही, हे ती मला प्रत्येक फोनवर सांगते. आणि मग थोडं थांबून विचारते, अहिल्या काय करतेय.

जानेवारीत एका रविवारी तिचा फोन चार्जिंगविना बंद पडला आणि ती नऊपर्यंत झोपली. दारावर धडधड आवाज झाला म्हणून उठली, तर बाहेर नीलाताई, रात्रपाळीच्या कपड्यांतच, कानाला फोन. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, फोन तिच्या हातात दिला आणि झोपायला गेल्या.

पलीकडे आई होती. "उठली का?"

"उठली."

"बरं," आई म्हणाली. पण फोन ठेवला नाही. उपासनानेही ठेवला नाही. आईच्या घरी कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गेट लावलं. ती थंड फरशीवर भिंतीला टेकून बसली आणि ऐकत राहिली.